एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचे पडणे आणि फिट : सुरुवात कुठून करावी

घरात एकट्या राहणाऱ्या आईचा किंवा वडिलांचा तोल जाऊ लागला आणि त्यातच एखादी फिट येऊन गेली, की बाहेरगावी असलेल्या मुलांची झोप उडते. मग एक तर घाईघाईने घराला कुलूप लावून त्यांना आपल्याकडे आणले जाते, नाहीतर "जपून राहा" असे रोज फोनवर बजावण्यापलीकडे काही घडत नाही. या दोन्हींच्या मध्ये करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे फारशा खर्चाशिवाय होते. माझी आई साताऱ्यात आपल्या जुन्या घरात एकटी राहते. अर्धांगवायूच्या सौम्य झटक्यानंतर तिला फिट येऊ लागल्या आणि मी पुण्यात असतो. ज्यांच्यावर ही जबाबदारी नुकतीच आली आहे, त्यांनी काय आणि कोणत्या क्रमाने करावे हे येथे लिहीत आहे.

बहुतेक जण बाथरूममध्ये दांडा बसवण्यापासून सुरुवात करतात. दांडा हवाच, पण त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधा: आई आज रात्री साडेअकराला पडली, तर तिच्यापर्यंत माणूस किती वेळात पोहोचेल? हाड मोडलेले नसतानाही अनेक वृद्धांना जमिनीवरून स्वतःहून उठता येत नाही. तासाभराहून अधिक काळ एकाच कुशीवर पडून राहिल्यास स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, अंगातले पाणी कमी होते, त्वचेवर दाबाच्या जखमा होतात. पडणे पूर्णपणे थांबवणे कोणाच्याच हातात नाही. पडल्यानंतरचा वेळ कमी करणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, म्हणून ते काम पहिल्याच दिवशी करावे.

पहिली पायरी : मदतीची साखळी

रोज सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, ठरलेल्या वेळी संपर्क झालाच पाहिजे, असा नियम घाला. फोन असो वा व्हॉट्सअॅपवरचा सुप्रभातचा संदेश, वेळ मात्र ठरलेली हवी. सकाळी आठपर्यंत संदेश आला नाही तर तुम्ही फोन कराल, दहा मिनिटांत उचलला नाही तर शेजारच्या काकूंना कराल, आणि काकू किल्लीने दार उघडून आत जातील, हे सगळे सर्वांना आधीच माहीत असावे. "आता लगेच कशाला त्रास द्यायचा" या संकोचात तास निघून जातात. तो संकोच टाळण्यासाठी शेजाऱ्यांना समोर बसून सांगावे की दहा वेळा उगाच यावे लागले तरी चालेल, आम्हाला त्याचे उपकारच वाटतील.

किल्ली दोन घरांत ठेवा आणि त्यानंतर दाराची खरोखर परीक्षा घ्या. किल्ली शेजाऱ्यांकडे असते, ती लागतेही, पण आईने सवयीने आतून कडी घातलेली असते आणि दार तोडावे लागते. आतली कडी काढून टाकून बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच बसवावे. जाळीच्या दारालाही तेच. पूर्वीपासून रात्री दोन-दोन कड्या घालणाऱ्या माणसाला हे असुरक्षित वाटते, त्यामुळे चांगल्या प्रतीचे लॅच आणि दाराला पाहण्याचे भिंग लावून द्यावे, म्हणजे त्यांचा विरोध मावळतो. बाथरूमच्या दाराची आतली कडीही काढावी. शक्य असेल तर ते दार बाहेरच्या बाजूला उघडणारे करून घ्यावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारे दार अडते आणि जोर लावला तर त्यालाच इजा होते.

दूधवाला, कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचा रखवालदार यांना तुमचा नंबर द्या. पिशवी दाराशी तशीच लटकलेली दिसली तर फोन करा, एवढेच त्यांना सांगायचे. ज्येष्ठ नागरिक संघात आईवडील जात असतील तर तिथल्या एखाद्या सोबत्यालाही या साखळीत घ्यावे. अनेक शहरांत पोलीस ठाणी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद ठेवतात, ती करून घ्यावी. तातडीच्या वेळी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत माहिती, सल्ला आणि आधारासाठी उपयोगी आहे, परंतु तातडीच्या प्रसंगासाठी ती नाही, हे घरातल्या सर्वांना स्पष्ट सांगावे.

आता बटणाविषयी. गळ्यात घालायचे एसओएस बटण किंवा पडणे ओळखणारे घड्याळ घेता येते. अॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८पासून आहे: जोरात पडल्यानंतर माणूस सुमारे मिनिटभर हालला नाही तर ते आपोआप फोन लावते. मात्र खुर्चीवरून हळूच घसरणे अशा घड्याळांना बहुधा कळत नाही, चार्जिंग विसरले तर ती निकामी ठरतात, आणि ज्यांनी आयुष्यभर घड्याळ रात्री काढून ठेवले ते तुमच्या सांगण्यावरून रात्री घालतीलच असे नाही. याच्या जोडीला एक स्वस्त उपाय मला फार उपयोगी वाटतो. बिनतारी दारघंटी मिळते, तिचे बटण बाथरूमच्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावे, दुसरे पलंगाशी, आणि वाजणारा भाग शेजाऱ्यांच्या घरात ठेवावा. बटण उंचावर लावले तर पडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. पाणी न शिरणारे बटण घ्यावे, मध्ये भिंती असूनही शेजाऱ्यांकडे घंटी वाजते का ते तपासावे आणि महिन्यातून एकदा वाजवून पाहावे. फिट आलेल्या माणसाला मात्र बटण दाबण्याचे भान नसते. त्याच्यासाठी ठरलेल्या वेळेचा संपर्क हाच खरा आधार आहे.

दुसरी पायरी : कारण शोधणे

"वय झाले, आता पडायचेच" हे उत्तर स्वीकारू नये. पडण्यामागे बहुधा एकाहून अधिक कारणे असतात आणि त्यांतली काही दुरुस्त होतात. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून न्या, त्यात आयुर्वेदिक चूर्णे, सर्दीच्या गोळ्या आणि शेजारणीने दिलेली झोपेची गोळीसुद्धा असावी. झोपेची आणि चिंतेची औषधे, रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, प्रोस्टेटची आणि सर्दीवरची जुन्या पद्धतीची औषधे यांनी तोल जाऊ शकतो. त्याच वेळी एक इशारा लक्षात ठेवावा: क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या बराच काळ घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. त्या कमी करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच.

रक्तदाब झोपलेला असताना आणि उभे राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत, असा दोन्ही वेळा मोजायला सांगा. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरत असेल, तर उठताना येणाऱ्या भोवळीचे कारण तिथे असू शकते. पुरुषांना रात्री उभ्याने लघवी करताना अचानक घेरी येऊ शकते, म्हणून वडिलांनी रात्री कमोडवर बसूनच लघवी करावी, हे त्यांना न लाजता सांगावे. डोळे तपासून मोतीबिंदूची वेळ झाली असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. जवळच्या-लांबच्या दोन्ही नंबरांचा चष्मा घालून जिना उतरताना पायरी धूसर दिसते, त्यामुळे बाहेर फिरायला लांबचा वेगळा चष्मा असल्यास बरे. मधुमेह असेल तर पायांची संवेदना तपासून घ्यावी. रक्तातील सोडियम, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. हातांची खुर्ची ठेवा, तिच्यापासून ३ मीटरवर खूण करा. आईने नेहमीच्या चपला घालून, काठी वापरत असल्यास काठी घेऊन उठावे, खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जावे, वळावे, परत येऊन बसावे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. चाचणी घेताना शेजारी उभे राहावे, आणि वळताना पावले कशी पडतात, हात भिंतीकडे जातो का, हे सेकंदांपेक्षाही नीट पाहावे.

आईवडील पडल्याचे लपवतात, हेही गृहीत धरा. "पडले नाही गं, नुसती टेकले" असे उत्तर मिळते. लपवण्यामागे भीती असते, की आता आपल्याला घर सोडायला लावतील. म्हणून "पडलीस का?" असे विचारण्याऐवजी "या महिन्यात कुठे हात टेकवावा लागला?" असे विचारावे, आणि खरे सांगितल्यावर रागावू नये, एकदा रागावलात तर पुढचे काहीच कळणार नाही.

तिसरी पायरी : फिट समजून घेणे

उतारवयात पहिल्यांदाच फिट येणे असामान्य नाही. जुना पक्षाघात हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. सोडियम किंवा साखर फार उतरणे, मेंदूतील गाठ, जंतुसंसर्ग, स्मृतिभ्रंशाचा आजार अशी कारणेही असू शकतात. लक्षात येण्यासारखी अडचण अशी की वृद्धांची फिट नेहमी हातपाय झाडणारी नसते. बोलता बोलता नजर एका जागी खिळते, ओठ चावल्यासारखे हालतात, हात पदराशी किंवा सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत राहतो, हाकेला उत्तर येत नाही, आणि त्यानंतर काही तास, कधी त्याहूनही अधिक काळ, माणूस गोंधळलेला राहतो. घरचे याला "विसरभोळेपणा" म्हणतात आणि निदान लांबते. असे दिसल्यास मोबाइलवर चित्रीकरण करावे, कारण डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते.

हृदयाची लय बिघडल्यामुळे येणारी मूर्च्छाही फिटेसारखी दिसू शकते, तिच्यातही हातपाय थोडे झटकले जातात. मूर्च्छेतून माणूस बहुधा लवकर भानावर येतो, फिटेनंतर गुंगी आणि गोंधळ रेंगाळतो, जिभेची कड चावलेली आढळू शकते. हा फरक ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. आपण मेंदूच्या तपासण्यांबरोबर ईसीजी झाला आहे का, एवढे अवश्य विचारावे.

फिटेची गोळी एखादी वेळ चुकणे हे पुन्हा फिट येण्याचे नेहमीचे कारण आहे. आठवड्याच्या खान्यांची डबी आणावी, ती ठरावीक वारी भरली जावी, आणि निदान पंधरा दिवसांचा साठा कायम शिल्लक असावा, कारण गावातल्या दुकानात ऐनवेळी तीच गोळी मिळेलच असे नाही. आपल्याकडे उपवासाचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांत अनेक आया गोळीसुद्धा टाळतात किंवा उशिरा घेतात, त्यात साखरेची औषधे चालू असतील तर साखर उतरते, आणि जागरण झाले तर फिटेचा धोका आणखी वाढतो. "उपवास करू नकोस" हे वाक्य कामी येत नाही. गोळी पाण्याबरोबर घेतल्याने उपवास मोडत नाही, हे त्यांच्या विश्वासातल्या माणसाकडून वदवून घ्यावे, आणि मधुमेह असल्यास उपवासाच्या दिवशी काय खावे व औषध किती घ्यावे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. दुखण्यावरचे ट्रामाडोल आणि काही प्रतिजैविके फिटेचा धोका वाढवतात, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना फिटेचा आजार आधी सांगावा. फेनिटॉइन ही फिटेवरची गोळी चालू असताना आई झोकांड्या देऊ लागली तर रक्तातील त्याचे प्रमाण वाढलेले असू शकते. तेव्हा गोळी स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरांशी बोलावे.

साखळीतल्या प्रत्येकाला पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवा. फिट सुरू होताच घड्याळ पाहावे. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे सैल करावे, आणि शक्य होताच कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहते. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी, औषध काहीही घालू नये. त्याने दात मोडतात, श्वास अडकतो. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही, ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि लोकांना वाटते की कांद्याने थांबली. पाच मिनिटांत थांबली नाही, भानावर न येता दुसरी आली, डोक्याला मार लागला, किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर तत्काळ १०८ला फोन करावा. मधुमेह असल्यास ग्लुकोमीटरने साखर पाहावी. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नये. तोंड वाकडे, एका हाताची ताकद गेलेली, बोलणे अडखळणारे असे दिसले, तर "फिटेनंतरचे आहे, उतरेल" असे समजून थांबू नये. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

चौथी पायरी : घर

येथे बाथरूमला सर्वाधिक वेळ द्या. आई तिथे कशी जाते ते एकदा शांतपणे पाहिले, तर तिचा हात कुठे कुठे आधार शोधतो ते दिसते: दाराची चौकट, मग नळ, मग टॉवेलचा दांडा. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलण्यासाठी नसतो, तो उपटून येतो. ज्या ज्या जागी तिचा हात जातो तिथेच स्टेनलेस स्टीलचे पक्के कठडे भिंतीत खोल बसवून घ्यावेत, आणि बसवल्यावर तुम्ही स्वतः पूर्ण भार देऊन पाहावा. भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यास त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. अंघोळ उभ्याने किंवा पाटावर बसून न करता रबरी बुडाच्या, पाठ आणि हात असलेल्या खुर्चीवर बसून करावी. फिट येणाऱ्यांसाठी तर हे अत्यावश्यक आहे. गरम पाण्याची भरलेली बादली उचलणे बंद करावे, आणि गीझरचे तापमान कमी ठेवावे. पायपुसणे घसरणारे असेल तर आजच टाकून द्यावे. साबणाचे पाणी साचणाऱ्या शेवाळलेल्या फरशा महिन्यातून दोनदा घासून घ्याव्यात, पावसाळ्यात अधिक वेळा.

त्यानंतर पलंगापासून बाथरूमपर्यंतची रात्रीची वाट पाहा. माणूस येताच आपोआप लागणारे बॅटरीवरचे छोटे दिवे त्या वाटेवर लावावेत, म्हणजे वीज गेली तरी उजेड राहतो. उंबरठ्यावर उठावदार रंगाची पट्टी चिकटवावी. पलंगावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. उठल्यावर मिनिटभर काठावर बसूनच उभे राहण्याची सवय लावावी. अंगठ्यात सैल अडकवलेली स्लीपर सोडून मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी. साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर राहील अशी नेसावी, कारण पायात अडकलेल्या निऱ्या आणि पदर यांनीही माणूस पडतो.

रोजच्या वापराचे डबे खांद्याच्या उंचीखाली आणावेत. दिवाळीच्या आवराआवरीत स्टुलावर चढून माळ्यावरचे सामान काढण्याचा आणि पंखा पुसण्याचा मोह फार मोठा असतो, म्हणून दिवाळीच्या आधी स्वतः जाऊन ते काम उरकून यावे आणि स्टूल घराबाहेर काढावे. फिट येत असल्यास मोठी कढई किंवा उकळते पाणी उचलणे, मागच्या बर्नरऐवजी पुढच्यावर स्वयंपाक करणे, विहिरीवर किंवा नदीकाठी एकटे जाणे टाळावे. वडील स्कूटर चालवत असतील तर ती बंद करावी, आणि याबाबत डॉक्टरांनीच त्यांना सांगितल्यास ते अधिक सहज मान्य होते.

पाचवी पायरी : अंगातली ताकद आणि उठण्याचा सराव

पडण्याच्या भीतीने आई हालचाल कमी करते, त्यामुळे पायांतली ताकद घटते आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. ओट्याला धरून टाचा उचलणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, एका पावलाच्या बोटांना लागून दुसऱ्याची टाच ठेवत चालणे हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत आणि रोज करावेत. काठीची उंची मनगटाच्या घडीइतकी असावी.

उठण्याचा सराव मात्र क्वचितच कोणी करतो. पडल्यावर लगेच धडपडून उठू नये. दुखापत नाही याची खात्री करून कुशीवर वळावे, हातगुडघ्यांवर यावे, पक्क्या खुर्चीपर्यंत रांगत जावे, तिच्या बैठकीवर हात ठेवून मजबूत पाय पुढे टेकवावा आणि उठून बसावे. हे चटईवर, तुम्ही शेजारी असताना, फिजिओथेरपिस्टला विचारून करून घ्यावे. उठता येत नसेल तर अंगावर चादर ओढून घ्यावी, अधूनमधून कूस बदलावी, भिंतीवर किंवा फरशीवर काहीतरी आपटत राहावे. पलंगाखाली हाताशी येईल अशी पाण्याची बाटली आणि शिटी ठेवता येते.

पडल्यानंतर मदतीला आलेल्याने प्रथम हात धरून ओढू नये. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा मांडीच्या सांध्यात असह्य वेदना असेल, तर खुबा मोडलेला असू शकतो. अशा वेळी हलवू नये, रुग्णवाहिका बोलवावी. खुब्याच्या शस्त्रक्रियेला उशीर न झालेला बरा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार बसला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात दाखवावे, आणि पुढचे काही आठवडे डोकेदुखी, गुंगी, चालण्यातला बदल यांकडे लक्ष ठेवावे, कारण मेंदूभोवतीचा रक्तस्राव उशिरानेही प्रकट होतो. गोळ्यांची यादी, डॉक्टरांचे नाव, आधीचे आजार आणि तुमचे क्रमांक असलेला कागद फ्रिजच्या दारावर आणि त्यांच्या पाकिटात ठेवा. ७० वर्षे पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड आधीच काढून ठेवावे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या कार्डाने उत्पन्नाची अट न लावता योजनेत समाविष्ट रुग्णालयांत कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ते काढण्याची धावपळ अपघाताच्या दिवशी नको.

काही वेळा मात्र एवढी सोय करूनही एकटे राहणे योग्य नसते. औषधे चालू असूनही महिन्यातून अनेकदा फिट येत असतील, त्यानंतर आई घराबाहेर निघून जात असेल, गॅस चालू राहत असेल, किंवा गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नसेल, तर रात्रीसाठी सोबत राहणारी व्यक्ती ठेवावी किंवा एकत्र राहण्याचा विचार करावा. हा निर्णय रुग्णालयाच्या खाटेशेजारी घाईत घेण्याऐवजी, तब्येत बरी असताना, तिच्या अटी विचारून आणि तिच्या देवघराची, कपाटाची, मैत्रिणींची काय व्यवस्था होईल हेही ठरवून घ्यावा.